डबा एक, मशीनं पाच, लायसन्स किती?

दर तासाला बंद पडणारा सर्व्हर

वडशाजवळच्या एका राईस मिलच्या ऑफिसातला सर्व्हर दर तासाला बंद पडायचा. धानाचा हंगाम ऐन भरात, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि आत मुनीमजी कपाळाला हात लावून बसलेले. आपल्याकडे काहीही बंद पडलं की पहिला संशय लाईनवर. यूपीएसची बॅटरी बदलून झाली. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासलं. कुणी म्हणालं, कोंड्याची धूळ पंख्यात गेली असेल, म्हणून ब्लोअर मारून डबा लखलखीत केला. तरी पुन्हा बंद.

मला बोलावलं तेव्हा मी घड्याळ लावून बसलो. चालू केल्यापासून बरोबर साठ मिनिटांनी बंद. परत चालू केला, परत साठ मिनिटं. लाईन एवढी वक्तशीर कधीपासून झाली? दुसरी गोष्ट म्हणजे डब्यावरचे दिवे तसेच लुकलुकत होते. धरमकाट्याचं मशीन चालू, कॅमेऱ्यांचं चालू. त्याच डब्यातलं फक्त हिशेबाचं मशीन मान टाकत होतं. यूपीएसचा दोष असता तर डब्यातली पाचही मशीनं एकदम गेली असती.

मशीनच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट लॉगमध्ये, कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: लायसन्सची मुदत संपली आहे, आता ही विंडोज दर तासाला बंद होईल. बसवणाऱ्याने चाचणीसाठी मिळणारी विंडोज सर्व्हरची फुकट आवृत्ती टाकली होती. ती १८० दिवस चालते आणि मग असंच वागते. बसवताना शेठने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. “म्हणजे एवढे दिवस आपण ट्रायलवर होतो का जी?” मुनीमजींनी विचारलं. होतो. विकत लायसन्स घेऊन की टाकली आणि मशीन गप्प झालं. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

डब्यातले डबे

पूर्वी एका कामाला एक कॉम्प्युटर लागायचा. आता नागपूरहून जुना पण दणकट सर्व्हर आणतात, त्यावर हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर (व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्ससारखं) चढवतात आणि त्याच्या पोटात पाच-सहा आभासी मशीनं तयार करतात. आम्ही त्यांना नुसतं व्हीएम म्हणतो. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःची डिस्क आहे. खरं तर सगळे एकाच लोखंडावर बसलेले असतात. कल्पना नवी नाही. आयबीएमने मोठ्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० हे १९७२ सालीच बाजारात आणलं होतं. केंद्र सरकारने २०१४ मध्ये एनआयसीमार्फत सुरू केलेल्या ‘मेघराज’ या क्लाउड सेवेचा पायाही हाच. राईस मिलपर्यंत ही कला पोहोचायला तेवढा वेळ लागला.

वडशाच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण झाडीपट्टीच्या नाटककंपन्या इथल्याच. दिवाळी सरली की त्यांची ऑफिसं गजबजतात. आज एका गावात उभा राहिलेला पडदा, दिवे, अख्खा संच रात्रीत गाडीत चढतो आणि उद्या दुसऱ्या गावी तोच दरबार, तोच वाडा उभा. व्हीएमचंही तसंच. अख्खं मशीन म्हणजे डिस्कवरच्या काही फायली. उचलून दुसऱ्या डब्यावर ठेवल्या की तिथं चालू.

फरक एकच, पण तो महागात पडतो. नाटकाचा संच एका रात्री दोन गावांत असू शकत नाही. व्हीएमची कॉपी मारली की दहा मिनिटांत दोन मशीनं चालू होतात, खर्च शून्य. लायसन्सची अशी कॉपी होत नाही. आभासी मशीनांच्या लायसन्समधले बहुतेक घोटाळे इथूनच निघतात.

मोजतात काय?

लायसन्स विकत घेताना लोक किंमत विचारतात. आधी विचारायला हवं ते हे, की कंपनी मोजते काय. नाटकाचाच हिशेब घ्या. खुर्चीवर किंवा गादीवर बसणाऱ्या माणसामागे तिकीट लावता येतं. मंडपाच्या खांबांवरही आकारणी करता येईल, मग आत शंभर माणसं बसोत की हजार. किंवा प्रयोगामागे ठरलेली रक्कम. सॉफ्टवेअर कंपन्या हे तिन्ही प्रकार करतात, आणि कधीकधी एकाच बिलात तिन्ही.

माणसामागे किंवा त्याच्या कॉम्प्युटरमागे घेतात ते ‘कॅल’. खांबांवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या कोअरवर घेतात ते कोअर लायसन्स. चालू व्हीएममागे घेतात ते प्रयोगाचं. यातल्या खांबांच्या हिशेबात आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात, कारण खांब डोळ्यांना दिसत नाहीत.

ते दाखवणारी खिडकी मात्र विंडोजमध्येच आहे. खुद्द डब्यावर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, सीपीयूवर टिचकी मारा. खाली दोन आकडे दिसतात, ‘कोअर’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर’. दुसरा बहुधा पहिल्याच्या दुप्पट असतो. विंडोज सर्व्हरचं लायसन्स पहिल्या आकड्यावर ठरतं. दुसरा आकडा लिहून कोटेशन मागवणारा गिऱ्हाईक मी पाहिला आहे, आणि ते कोटेशन मुकाट्याने देणारा विक्रेताही. हाच टास्क मॅनेजर व्हीएमच्या आत उघडला तर तिसराच आकडा दिसेल. तो फक्त त्या मशीनला दिलेला वाटा असतो.

विंडोज सर्व्हरचं गणित

२०१६ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर कोअरवर विकायला घेतलं. नियम असा, की डब्यातल्या सगळ्या कोअरचं लायसन्स घ्यायचं, एका प्रोसेसरमागे किमान ८ आणि एका डब्यामागे किमान १६. म्हणजे आठ कोअरचा छोटा सर्व्हर घेऊन पैसे वाचवले असं वाटत असेल, तर विंडोजचे पैसे सोळाचेच भरायचे आहेत.

एवढं घेतल्यावर स्टँडर्ड आवृत्तीत त्या डब्यावर दोन विंडोज व्हीएम चालवता येतात. खाली मूळ विंडोज फक्त व्हीएम सांभाळत असेल, तर तिला वेगळं धरत नाहीत. पण त्याच मूळ विंडोजवर फायलींचं शेअरिंग टाकलं, प्रिंटर जोडला, की ती एक जागा खाते. आमच्याकडे हे सर्रास होतं: “तसंही चालूच आहे तर टाका ना त्याच्यावरच.”

समजा, डब्यात १२ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत. एकूण २४ कोअर. २४ ची लायसन्स घेतली की दोन व्हीएम. आणखी दोन हवीत तर पुन्हा अख्ख्या २४ ची, म्हणजे ४८. सहा व्हीएमसाठी ७२. तिसरं व्हीएम छोटंसं आहे, त्याला दोनच कोअर दिलेत, हा युक्तिवाद इथं चालत नाही. डेटासेंटर नावाची दुसरी आवृत्ती आहे, तिच्यात एकदा सगळे कोअर भरले की व्हीएमची मर्यादा नाही. तिची छापील किंमत स्टँडर्डच्या पावणेसहा पटीच्या आसपास असते. म्हणजे दहा व्हीएमपर्यंत स्टँडर्डच स्वस्त पडतं, त्यापुढे डेटासेंटर. वडशात दहाच्या पुढे जाणारं ऑफिस मला अजून भेटलेलं नाही, तरी डेटासेंटरची कोटेशनं इथंही येतात.

ऑक्टोबर २०२२ पासून व्हीएमला दिलेल्या आभासी कोअरवर लायसन्स घेण्याची सोयही आली आहे, पण ती वर्गणीवाल्यांना किंवा लायसन्ससोबत सॉफ्टवेअर ॲश्युरन्स हा मायक्रोसॉफ्टचा जोडकरार घेतलेल्यांना. एकदाच पैसे भरून घेतलेल्या साध्या लायसन्सला नाही.

एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस. तो व्हीएमच्या कोअरवर घेतला तर चारपेक्षा कमी कोअर धरतच नाहीत. म्हणून त्या व्हीएमला सवयीने आठ-आठ कोअर देऊन ठेवू नयेत. तिथं दिलेला प्रत्येक जास्तीचा कोअर बिलावर येतो.

१२० दिवस

आता माणसांचा हिशेब. सर्व्हर विंडोज घेतली म्हणजे तिच्याशी जोडणाऱ्यांचं काम झालं असं नाही, त्यांना कॅल लागतं. ते माणसाच्या नावे घेता येतं किंवा कॉम्प्युटरच्या. मिलमध्ये हंगामात दोन पाळ्या चालतात, त्याच चार कॉम्प्युटरवर आठ माणसं आळीपाळीने बसतात. तिथं कॉम्प्युटरच्या नावे चार कॅल पुरतात. उलट शेठ ऑफिसातून, घरून आणि लॅपटॉपवरून पाहतात. त्यांना स्वतःच्या नावाचं एक घ्यावं, तिन्ही यंत्रांना ते चालतं.

रिमोट डेस्कटॉपवरून अनेकांना एकाच सर्व्हरवर बसवायचं असेल, तर या कॅलच्या वर आणखी एक आरडीएस कॅल लागतं. विंडोज त्यासाठी १२० दिवसांची सवलत देते. या सवलतीने माझी एक होळी खराब केली. एका ऑफिसात दिवाळीनंतर कुणीतरी रिमोट डेस्कटॉप बसवून दिला होता, आरडीएस कॅल न घेता. चार महिने झकास चाललं. मग एका सकाळी पाचही कारकुनांना ‘लायसन्स सर्व्हर सापडत नाही’ अशा अर्थाची पाटी. त्याच आठवड्यात शासनाच्या भरडाईचा तांदूळ जमा करायचा होता, क्विंटल धानामागे ६७ किलोचा हिशेब जुळवून द्यायचा होता. फक्त मला ॲडमिनच्या मार्गाने आत शिरता येत होतं. म्हणून मी आत बसलो आणि कारकून मागे उभं राहून आकडे सांगत राहिले. कॅल येईपर्यंत दोन दिवस हेच.

१८० आणि १२० हे दोन आकडे मी तेव्हापासून लक्षात ठेवतो. बसवणारा बिल घेऊन निघून जातो, मग चार-सहा महिन्यांनी कळतं.

मशीन हललं, लायसन्स हरवलं

छोट्या धंद्यांची बरीच सॉफ्टवेअर लायसन्स कोअरबिअर मोजत नाहीत, मशीनचा चेहरा ओळखतात. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, डिस्कचा क्रमांक, असलं काहीतरी. व्हीएमचा चेहरा मात्र बदलता असतो. व्हीएमवेअरमध्ये कॉपी केलेलं व्हीएम पहिल्यांदा उघडताना प्रश्न येतो: हे हलवलं की कॉपी केलं? ‘कॉपी’ दाबलं की नवी ओळख, नवा मॅक पत्ता, आणि सॉफ्टवेअर म्हणतं, मी तुम्हाला ओळखत नाही. हायपर-व्हीमध्ये मॅक पत्ता मुळातच बदलता ठेवलेला असतो. व्हीएम तयार झाल्याबरोबर तो स्थिर करून टाकावा. पाच सेकंदांचं काम आहे.

टॅलीवाल्यांनी वेगळी काळजी घ्यावी. दुसऱ्या मशीनवर न्यायचं तर जुन्यावर आधी लायसन्स सरेंडर करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. जुनं व्हीएम आधी उडवून टाकलं आणि मग सरेंडरची आठवण झाली, की मनस्ताप. सिल्व्हर एकाच वापरकर्त्याचं आणि गोल्ड नेटवर्कवरच्या अनेकांचं, हा भेद व्हीएममध्ये आल्याने मिटत नाही.

धरमकाट्याच्या सॉफ्टवेअरला अनेकदा यूएसबीचं डोंगल असतं. डोंगल लोखंडी डब्याच्या पाठीत, सॉफ्टवेअर आभासी मशीनच्या पोटात, आणि हायपर-व्हीमध्ये मधला पूल नाही. व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्समध्ये आहे. म्हणून हायपरव्हायझर निवडायच्या आधी टेबलाखाली वाकून डोंगल किती आहेत ते मोजावं. मी स्वतः हे उलट्या क्रमाने शिकलो. शेवटी काट्यासाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवावा लागला.

आणि नागपूरहून आणलेल्या जुन्या सर्व्हरच्या कुशीला जो विंडोजचा स्टिकर असतो, तो ओईएम लायसन्सचा. ते त्या डब्यापुरतंच. आतलं व्हीएम उद्या नव्या डब्यावर नेलं तर ते सोबत जात नाही. डब्याशी न बांधलेली लायसन्सही मनात येईल तेव्हा इकडून तिकडे हलवता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या नियमाने एका डब्यावरून दुसऱ्यावर नेल्यावर पुढचे ९० दिवस पुन्हा हलवायचं नाही, डबा कायमचा मेला तरच अपवाद. दोन डबे जोडून, एक पडला की दुसऱ्यावर व्हीएम आपोआप जातील अशी सोय केली असेल, तर दुसऱ्या डब्यावरही तेवढी लायसन्स आधीच हवीत.

मोठ्यांची भांडणं

ऑरेकलचा डेटाबेस आपल्याकडे क्वचित, पण त्याची गोष्ट माहीत असावी. व्हीएमला दोनच कोअर दिले म्हणून दोनचेच पैसे, हे ऑरेकल मान्य करत नाही. व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने घातलेली वाटणी त्यांच्या लेखी धुळीत आखलेली रेघ. सॉफ्टवेअर जिथं बसवलंय किंवा चालतंय तिथल्या सगळ्या कोअरचा हिशेब ते मागतात, आणि व्हीएम जिथं जाऊ शकतं त्या डब्यांवरूनही वाद घालतात. चॉकलेट बनवणारी मार्स कंपनी २०१५ मध्ये याच कारणाने कॅलिफोर्नियात कोर्टात गेली होती. पुढे तिने खटला मागे घेतला.

दुसरं भांडण थेट तळमजल्यावर, म्हणजे हायपरव्हायझरवरच. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात कायमची लायसन्स विकणं बंद केलं. आता फक्त वर्गणी, तीही एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअरची. अमेरिकेची एटी अँड टी २०२४ मध्ये, ब्रिटनची टेस्को २०२५ मध्ये यावरून कोर्टात गेल्या. एवढ्या दांडग्या गिऱ्हाइकांची ही अवस्था, मग वडशाच्या मिलला कोण विचारतो?

विचारायची गरजही नाही. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हे हायपरव्हायझर २००७ पासून आहे आणि प्रॉक्समॉक्स त्यावरच उभं आहे. ते मुक्त आहे. पैसे भरायचे ते मदत आणि तपासलेली अपडेट हवी असतील तर, आणि ते कोअरवर नाही, प्रोसेसरच्या खाचेवर. मी अलीकडे बहुतेक ठिकाणी हेच बसवतो. पण खालचा मजला फुकट झाला म्हणून वरची बिऱ्हाडं फुकट होत नाहीत. प्रॉक्समॉक्सवर चालणाऱ्या विंडोजला वर सांगितलेलं सगळं गणित जसंच्या तसं लागू.

कायदा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाटकाला ‘नाट्यकृती’ म्हणून स्वतंत्र जागा आहे. संगणक प्रोग्राम मात्र साहित्यकृतीत, म्हणजे कथा-कादंबऱ्यांच्या पंक्तीत बसवला आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर कलम ६३ब नुसार किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. मिलमधला वापर धंद्याचाच, हे सांगायला नको.

बॅकअपची भीती मात्र नको. हक्काने घेतलेल्या प्रोग्रामची नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत ठेवायला कलम ५२ मुभा देतं. व्हीएमची फाईल रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवणं म्हणजे बॅकअप. तीच फाईल दुसऱ्या डब्यावर चालू करून नव्या कारकुनाला बसवणं म्हणजे दुसरं मशीन.

आणि काही शे रुपयांत ऑनलाइन मिळणारी सर्व्हरची की म्हणजे लायसन्स नव्हे. अशी की कुठल्यातरी दुसऱ्याच संस्थेची असू शकते. ॲक्टिव्हेट झाली म्हणजे आपली झाली असं नाही. तपासणीचा मेल येतो तेव्हा बिल आणि करार मागतात. असा मेल आला तर दडपू नये, आणि घाईघाईत आकडे भरूनही देऊ नये. आधी आपले आपण मोजावेत.

वही

मोठ्या कंपन्यांत हे मोजायला सॉफ्टवेअर असतं. आयबीएम तर स्वतःचं मोजणी-साधन बसवायची अटच घालते, तरच व्हीएमपुरता हिशेब मान्य, नाहीतर अख्ख्या डब्याचा. आपल्याला एक वही पुरते. पहिल्या पानावर डबे: प्रत्येकाचे प्रोसेसर, कोअर, कुठून आणला. पुढे एकेका व्हीएमला एक ओळ: नाव, काम, आत काय बसवलंय, त्याचं लायसन्स काय मोजतं, बिल कोणत्या फाईलमध्ये, मुदत कधी संपते. नवं व्हीएम तयार करायच्या आधी ओळ लिहायची, नंतर नाही. आणि व्हीएमला नावं नीट द्यावीत. ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल’, ‘टेस्ट जुना’ असली नावं मी कितीतरी पाहिली आहेत. त्यातलं ‘टेस्ट जुना’ हे दोन वर्षं विनालायसन्स चालू होतं आणि ते कशासाठी आहे हे कुणालाच सांगता आलं नाही. बंद केलं, कुणाचीही ओरड आली नाही.

त्या तासाला बंद पडणाऱ्या सर्व्हरच्या मिलमध्ये मी वही उघडायला सांगितली तेव्हा मुनीमजींनी नवी वही घेतलीच नाही. त्यांनी आपली जुनी लाल वही काढली, धरमकाट्याच्या शिक्क्याची तारीख आणि ट्रकच्या इन्शुरन्सची तारीख लिहिलेलं पान शोधलं, आणि त्याखाली रेघ मारून विचारलं, “हं, सांगा जी. पहिल्या मशीनचं नाव काय?”